गटाराचे पैसे कोणी द्यायचे?

(साक्षरता वर्गापुढे झालेले भाषण)



गेले पंधरा दिवस गावात एकच बोलणे चालले आहे. पारावर तेच, गिरणीत तेच, दूध घालायला गेले तरी तेच. पंचायतीने गल्लीगल्लीतून जमिनीखाली गटाराचा नळ घालायचे मनात घेतले आहे. सरकारचे पैसे पुरणार नाहीत. तेव्हा प्रत्येक घरमालकाने काही रक्कम घालावी, असे म्हणतात. रक्कम किती, ते अजून ठरलेले नाही. पण भांडणाला रक्कम लागत नाही. ते आधीच सुरू झाले आहे.

म्हणून काल आम्ही धडा बाजूला ठेवला. फळ्यावर एकच शब्द लिहिला, 'गटार'. तो सर्वांनी वाचला. मग आम्ही म्हटले, ज्याच्या मनात जे असेल ते मोकळेपणी बोला.

वरच्या आळीचे एक दादा म्हणाले, "माझं पाणी आपोआप उतारानं खाली जातं. मला गटार नको, नि पैसे पण नकोत." खालच्या आळीच्या वहिनी ताडकन म्हणाल्या, "जातंय ना! आमच्याच उंबऱ्याशी येतंय ते!" एक काका म्हणाले, "घरपट्टी आम्ही भरतोच की. मग हे आणखी कशाचं?" ज्यांनी परसात शोषखड्डा केला आहे ते म्हणाले, "आम्ही आमच्या पैशानं सोय केली. आता दुसऱ्याच्या सोयीला पैसे द्यायचे का?" आणि कोपऱ्यात बसलेल्या आजी हळूच म्हणाल्या, "मास्तर, मी एकटी. दिवसाला दोन बादल्या पाणी माझं. बंगलेवाल्याइतकंच मी द्यायचं?"

यांतला एकही प्रश्न खोटा नाही. रात्री आम्ही तेच प्रश्न पुढे घेऊन बसलो. आज त्यांची उत्तरे जमतील तशी सांगतो. सगळीच उत्तरे आमच्याजवळ आहेत असे समजू नका. काही पंचायतीकडून घ्यावी लागतील. ती कशी घ्यायची तेही सांगतो.

आधी पाण्याचे बोलू. पूर्वी आपल्या गावात गटार का नव्हते? कारण पाणीच डोक्यावरून यायचे. बाईमाणसाने लांबून आणलेला हंडा कोण कशाला सांडील? भांड्याचे पाणी म्हशीच्या आंबोणात जाई. न्हाणीचे पाणी परसातल्या केळीला आणि अळवाला जाई. केळ आणि अळू हेच आपले गटार होते म्हणा ना! मग सन २०१९ मध्ये जलजीवन मिशन आले. माणशी रोज ५५ लिटर पाणी घरात नळाने द्यायचे असे ठरले. ही मोठी चांगली गोष्ट झाली. बायांची मान आणि कंबर सुटली. पण घरात आलेले पाणी घराबाहेरही जाणारच. त्याचा विचार मात्र मागे राहिला.

आता हिशोब करू. वह्या काढा. पाच माणसांचे घर धरा. ५५ गुणिले ५, म्हणजे २७५ लिटर. जाणकार असे धरतात की, घरात आलेल्या पाण्यापैकी शंभराला ऐंशी भाग सांडपाणी होऊन बाहेर पडते. म्हणजे एका घराचे रोजचे २२० लिटर. गावात ३०० घरे धरली तर २२० गुणिले ३००. किती झाले? ६६,००० लिटर. दहा हजार लिटरचा टँकर आपण उन्हाळ्यात पाहिला आहे. तसे साडेसहा टँकर घाण पाणी आपण रोज आपल्याच गल्लीत ओततो. पावसाळा असो की उन्हाळा असो.

वरच्या आळीच्या दादांना आम्ही हेच सांगतो. तुमचे पाणी जाते, हे खरे. पण ते नाहीसे होत नाही. ते वहिनींच्या दारात जाते, तिथून चावडीमागच्या डबक्यात जाते. तुमची नातवंडे शाळेला जाताना त्याच डबक्याच्या काठाने जातात. अशा घाण पाण्यात क्युलेक्स जातीचे डास वाढतात. हत्तीरोग त्यांच्यामुळे पसरतो. विदर्भातल्या काही जिल्ह्यांत तो रोग अजून आहे. डासाला वरची आळी आणि खालची आळी कळत नाही.

इथे एक खुलासा केला पाहिजे. "गटार झालं की डेंग्यू जाईल," असे कोणी सांगत असेल तर ते पुरते खरे नाही. डेंग्यूचा डास स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात वाढतो. रांजण, हौद, जुने टायर, कुंडीखालची बशी, ही त्याची जागा. तेव्हा गटार झाले तरी आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी कोरडी करणे आपल्याला सुटणार नाही. ज्या कामासाठी पैसे मागायचे, त्याचा खोटा फायदा सांगू नये. मग लोकांचा विश्वास जातो.

आता काकांचा प्रश्न. घरपट्टी भरतो, मग हे आणखी कशाला? घरपट्टीची पावती काढून पाहा. आता तुम्हाला वाचता येते. तीत रकाने असतात. घराचा कर, दिवाबत्तीचा कर, आरोग्य किंवा सफाईचा कर, पाणीपट्टी असेल तर ती. हे पैसे वर्षभराच्या झाडलोटीला, दिव्यांना, पंचायतीच्या चालू कामाला लागतात. गावभर नळ घालायचे मोठे काम त्यातून निघत नाही. त्याला पैसा वरून येतो. पण वरून किती येतो, तेही आपल्याला ठाऊक पाहिजे.

स्वच्छ भारत मिशनचा दुसरा टप्पा सन २०२० मध्ये सुरू झाला. त्यात पाच हजारांपर्यंत वस्तीच्या गावाला सांडपाण्याच्या कामासाठी माणशी २८० रुपयांपर्यंत धरले होते. त्याहून मोठ्या गावाला माणशी ६६० रुपयांपर्यंत. त्यांतले शंभराला सत्तर रुपये मिशनचे. उरलेले तीस पंचायतीने आपल्या वित्त आयोगाच्या पैशातून घालायचे. आपल्या हिशोबातले गाव १,५०० वस्तीचे आहे. २८० गुणिले १,५००, म्हणजे चार लाख वीस हजार रुपये. यांत दोन लाख चौऱ्याण्णव हजार मिशनचे आणि एक लाख सव्वीस हजार पंचायतीचे.

वित्त आयोगाचे पैसे म्हणजे काय? केंद्र सरकारच्या करांतला काही भाग गावांना मिळतो, तो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी एक बंधन घातले होते. शंभरातले साठ रुपये पिण्याच्या पाण्यावर आणि स्वच्छतेवरच खर्चायचे. निम्मे पाण्यावर, निम्मे स्वच्छतेवर. तेव्हा ग्रामसभेत उभे राहून हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे, "आपल्या पंचायतीला त्या पाच वर्षांत किती आले? स्वच्छतेचे किती? त्यांतले खर्चले किती, शिल्लक किती?" हा प्रश्न रागाने विचारायचा नाही. ज्याच्याकडे पैसे मागतात त्याने आधीचा हिशोब विचारणे, यात राग कसला?

आता माणशी २८० रुपये हा आकडा पुन्हा पाहा. त्यातच एक गोष्ट लपलेली आहे. एवढ्या पैशात गावभर जमिनीखालून नळ, चेंबरे आणि पाणी शुद्ध करायची सोय होणे अवघड. तो आकडा मुख्यतः साध्या उपायांचा आहे. शोषखड्डे, परसबाग, गल्लीच्या टोकाला सामाईक खड्डा, असे उपाय. म्हणून आमचा पंचायतीला पहिला प्रश्न हा राहील की, गावभर नळ लागतोच का? की गावाच्या काही भागातच लागतो?

नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णी नावाचे गाव आहे. त्या गावाने घरोघर शोषखड्डे केले आणि उघडी गटारे बंद केली. डास कमी झाले. मग त्या जिल्ह्यातल्या इतर गावांनीही ते उचलले आणि रोजगार हमीतून अशी कामे झाली. शोषखड्डा म्हणजे काही मोठी विद्या नाही. साधारण चार फूट लांब, चार फूट रुंद, तेवढाच खोल खड्डा. मधे भोके पाडलेली सिमेंटची टाकी, बाजूने दगडगोटे. आधी गाळ आणि कचरा अडवायला लहानसा चौकोन. पाणी जमिनीत मुरते.

पण सगळीकडे मुरत नाही, हे ध्यानात घ्या. आपल्या वरच्या आळीला मुरूम आहे. तिथे पाणी झटकन मुरते. खालच्या आळीला काळी माती आहे. पावसाळ्यात ती फुगते, चिकट होते आणि खड्डा तुडुंब भरतो. शिवाय खालच्या आळीत घरे इतकी दाटीने आहेत की खड्डा घ्यायचा कुठे? चुलीखाली? आणि पिण्याच्या विहिरीजवळ खड्डा घ्यायचा नाही. मधे निदान साठ फुटांचे अंतर हवे. म्हणजे वरच्या आळीला शोषखड्डे आणि खालच्या आळीला नळ, असेही होऊ शकेल. तसे झाले तर नळ कमी लागेल आणि खर्चही उतरेल. आम्ही काही इंजिनिअर नाही. पण अंदाजपत्रक करणाऱ्या साहेबांना हा पर्याय तपासा असे ग्रामसभा सांगू शकते.

परसात खड्डा घेतलेल्या घरांचे उत्तरही यातच आले. ज्याने आपले पाणी आपल्या जागेत मुरवले, त्याने गावाचे २२० लिटर कमी केले. त्याला इतरांइतकेच पैसे मागणे आम्हाला तरी बरोबर वाटत नाही. पण अगदी काहीच मागू नये, असेही वाटत नाही. कारण रस्ता त्याचाही आहे.

आता आजींचा प्रश्न. आमच्या मते सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

समजण्यापुरते आकडे धरू. हे आकडे खरे नाहीत, हे आधीच सांगतो. उद्या गावात जाऊन "मास्तरांनी दोन हजार सांगितले" असे करू नका! समजा, सरकारचे आणि पंचायतीचे पैसे घालून सहा लाख कमी पडले. घरे ३००. सारखे वाटले तर घरटी दोन हजार. वाटायला सोपे. पण बंगल्यात चार नळ, गच्चीवर टाकी, दारात मोटार धुतात. हॉटेलवाल्याच्या दिवसभर कपबशा विसळणे चालते. आणि आजींच्या दोन बादल्या. सारखे म्हणजे न्याय्य, असे नेहमी होत नाही.

दुसरी रीत अशी. निम्मे पैसे सर्वांवर सारखे. म्हणजे तीन लाख भागिले ३००, घरटी एक हजार. राहिलेले तीन लाख घरपट्टीच्या मानाने. समजा, गावाची वर्षाची घरपट्टी तीन लाखच आहे. मग ज्याची जेवढी घरपट्टी, तेवढेच त्याने वर घालायचे. आजींची घरपट्टी ३०० असेल तर १,००० आणि ३००, मिळून १,३००. बंगल्याची ३,००० असेल तर ४,०००. रक्कम तीच जमली, पण ओझे ज्याच्या त्याच्या खांद्याप्रमाणे पडले.

तिसरी रीतही आहे. ज्याच्याजवळ रोकड नाही त्याने श्रम द्यायचे. जलजीवन मिशनच्या नियमांत गावातल्या कामाच्या खर्चाचा दहावा हिस्सा गावाने उचलावा असे होते. डोंगराळ आणि जंगलभागात, तसेच अनुसूचित जाती-जमातींची वस्ती निम्म्याहून जास्त असेल तिथे शंभराला पाच. तो हिस्सा पैशाने, वस्तूने किंवा श्रमाने द्यायला मुभा होती. पाण्याच्या नळाला जे चालले, ते गटाराच्या चराला का चालू नये? आणि रोकड द्यायची तरी एकदम का? दोन हजारांचे शंभर-शंभराचे वीस हप्ते होतात. सोयाबीन विकले की द्या, असेही ठरवता येते. मात्र हप्ता दिला की पावती घ्यायची. पावतीवर नाव, तारीख, रक्कम आणि 'कशासाठी' हे चार शब्द वाचून पाहायचे. आता अंगठा उठवून परत यायचे दिवस गेले.

एक भेद लक्षात ठेवा. वर्गणी निराळी आणि कर निराळा. वर्गणी खुशीची असते. ती दिली नाही म्हणून कोणी तुमचा दाखला अडवू शकत नाही. कर सक्तीचा असतो. पण तो लावायचा तर पंचायतीला ठराव करावा लागतो, लोकांना जाहीर कळवावे लागते, हरकती ऐकाव्या लागतात. म्हणून विचारा की, हे पैसे वर्गणी म्हणून मागता की कर म्हणून? गुळमुळीत उत्तर आले तर लेखी मागा.

आणखी एक खर्च कोणी बोलत नाही. गल्लीतला नळ गावाचा. पण तुमच्या मोरीपासून गल्लीतल्या चेंबरापर्यंतचा नळ कोणाचा? तो बहुधा घरमालकाच्या खिशातून होतो. खोदाई, नळ, जाळी, फरशी फोडून पुन्हा बसवणे. घर रस्त्यापासून लांब असेल तर ही रक्कम वर्गणीपेक्षा मोठी होऊ शकते. गल्लीत नळ घातला आणि निम्म्या घरांनी तो जोडलाच नाही, असे आम्ही एका गावात पाहिले आहे. नळ कोरडा आणि रस्त्यावर चिखल. त्या गावचे लोक काही आडमुठे नव्हते. त्यांना जोडणीचा खर्च आधी कोणी सांगितलाच नव्हता. वर्गणी देऊन हात रिकामे झाल्यावर तो समोर आला. म्हणून जोडणीसकट आकडा मागा.

आणि वर्षाचा खर्च? नळ घातला म्हणजे काम संपले, असे नसते. आपल्याकडे अजून पुष्कळ घरी भांडी राखेने घासतात. राख आणि वाळू नळात बसते. तेलकट थर धरतो. प्लॅस्टिकच्या पिशव्यांचे तर विचारूच नका. दर पावसाळ्याआधी सफाई हवी. फुटलेले झाकण बदलायला हवे. घराला महिना तीस रुपये धरले तर ३० गुणिले ३००, महिन्याचे ९,०००, वर्षाचे १,०८,०००. हाही धरलेलाच आकडा. पण खरा आकडा काढून तो ठरावात घातला पाहिजे. नाहीतर तिसऱ्या वर्षी नळ तुंबतो आणि उघड्या गटारापेक्षा जास्त त्रास होतो.

तुंबलेला नळ साफ कसा करायचा, इथे आम्हाला थोडे कडक बोलावे लागेल. चेंबरात माणूस उतरवायचा नाही. त्यात विषारी वायू साठतो. त्याला दर वेळी वास येईलच असे नाही. माणूस उतरतो, चक्कर येते आणि तिथेच कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. अशी कितीतरी माणसे आपल्या देशात मेली आहेत. आणि ती कोणत्या समाजाची होती ते तुम्हा-आम्हाला ठाऊक आहे. सन २०१३ च्या कायद्याने संरक्षणाच्या साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा मैल्याच्या टाकीत उतरवणे हा गुन्हा ठरवला. अशा मृत्यूबद्दल घरच्यांना दहा लाख रुपये द्यावेत, असे सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये सांगितले. २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. "आपलं गाव लहान, आपल्याकडं असं काही होत नाही," असे म्हणू नका. टाकी लहान असली तरी वायू तोच. काठ्या, सळया, यंत्राची गाडी, जे लागेल त्याचे भाडे वर्षाच्या खर्चात धरा. ते धरायचे नसेल तर नळ घालू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता राहिले शेवटचे टोक. नळ कुठे सुरू होतो ते सगळे विचारतात. माझ्या दारातून जाणार का, एवढेच. तो कुठे संपतो, हे कोणी विचारत नाही.

इंग्लंडातल्या लंडन शहराची गोष्ट ऐका. त्या शहराला गटारे होती. पण त्यांची तोंडे थेम्स नदीत सोडलेली होती. आणि त्याच नदीचे पाणी पुष्कळ लोक पीत. पटकीची साथ पुन्हा पुन्हा यायची. सन १८५४ च्या साथीत जॉन स्नो नावाच्या डॉक्टरने एका वस्तीतले मृत्यू नकाशावर मांडले. ते एका सार्वजनिक पंपाभोवती दाटलेले होते. पंपाचा दांडा काढायला लावला. पण तेव्हा पुष्कळांना पटले नाही. पुढे १८५८ च्या उन्हाळ्यात नदीला एवढी दुर्गंधी सुटली की नदीकाठच्या पार्लमेंटात बसवेना. मग मात्र पैसे मंजूर झाले! बॅझलजेट नावाच्या इंजिनिअरने मोठी गटारे बांधून घाण शहराच्या पुष्कळ खाली नेली. १८६६ मध्ये पुन्हा पटकी आली, ती मुख्यतः पूर्वेकडच्या वस्तीत. तिथले गटाराचे काम तोवर पुरे झाले नव्हते. गटार असूनही लंडनची माणसे मेली, ती टोक चुकले म्हणून.

आपल्या नळाचे टोक ओढ्यात काढायचे, असे कानावर आले आहे. ओढ्याच्या खाली दोनशे पावलांवर सार्वजनिक विहीर आहे. उन्हाळ्यात नळाला पाणी नसते तेव्हा आपण कुठे जातो? त्याच विहिरीवर. पुढे ओढा दुसऱ्या गावाच्या शिवारात जातो. तिथली माणसे आपलीच सोयरी आहेत. म्हणून टोकाला काहीतरी सोय हवीच. जागा असेल तर पाणी साठून, ऊन-वारा लागून सुधारेल अशी तळी करतात. लहान वस्तीला मोठा सामाईक शोषखड्डाही चालतो. त्याला जागा लागते. गायरानातली द्यायची की कोणाची विकत घ्यायची, हे आधी ठरले पाहिजे. आणि संडासाच्या टाकीचे पाणी उघड्या गटारात किंवा ओढ्यात कोणीही सोडायचे नाही. त्याला स्वतंत्र शोषखड्डा हवा. दोन खड्ड्यांचा संडास असेल तर उत्तमच, त्याला टाकी नाही नि नळही नाही.

खालच्या आळीच्या वहिनींची भीती वेगळी आहे. त्या म्हणतात, "उद्या नळ तुंबला तर सगळ्या गावाची घाण उलटी माझ्याच मोरीतून वर येईल." ही भीती बरोबर आहे. तसे होते. सखल जागच्या घराला हा धोका असतो. त्यांच्या मोरीची पातळी गल्लीतल्या चेंबराच्या झाकणापेक्षा उंच आहे की खाली, हे नळ घालण्याआधी मोजले पाहिजे. खाली असेल तर तिथे निराळी सोय करावी लागेल. तिचा खर्च वहिनींवर टाकता येणार नाही. कारण वरचे पाणी त्यांनी बोलावलेले नाही.

उतारही मोजलाच पाहिजे. सहा इंची नळाला शंभर फुटांत साधारण एक फूट उतार असावा. त्याहून फार कमी ठेवला तर घाण बसते. ठेकेदाराने खोदाई वाचवली की उतार मरतो. माती ओढल्यावर आत काय केले ते दिसत नाही. म्हणून चर उघडा असतानाच पाहायचे. गवंड्याजवळ पाणी भरलेली पारदर्शक नळी असते. दोन टोकांचे पाणी एका पातळीत राहते. तिने कोणीही उतार मोजू शकतो. परवा वर्गात आम्ही ती बादलीवर लावून दाखवली, तेव्हा सगळ्यांत आधी आजींना समजले.

ग्रामसभा येत्या महिन्यात आहे. तिच्या आधी महिलांची ग्रामसभा होते. बायांनो, ती चुकवू नका. मोरीपाशी दिवस तुमचा जातो. ग्रामसेवक, म्हणजे आता ज्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, त्यांना आम्ही अंदाजपत्रकाची नक्कल मागितली आहे. ती आली की वर्गातच मोठ्याने वाचू. तोवर एक काम आपल्या हातचे आहे. येत्या सोमवारी सकाळी सात वाजता आम्ही गवंड्याची नळी, दोरी आणि वही घेऊन निघणार आहोत. मारुतीच्या पारापासून वहिनींच्या दारापर्यंत आणि तिथून ओढ्यापर्यंत उतार मोजणार आहोत. नळीचे एक टोक धरायला एक माणूस लागेल, आकडे लिहायला दुसरा. लिहायचे काम आजी करणार आहेत, असे त्यांनीच सांगितले आहे.